गड्ड्यापर्यंत पोचणारं गाणं सोलापुरात कसं करावं

गाणं चालणार की नाही हे मुखड्याच्या पहिल्या दोन ओळींवर ठरतं. त्या ओळी वाद्यांशिवाय, नुसत्या टाळीवर तपासायच्या. गल्लीतल्या चार जणांना दोनदा म्हणून दाखवा, दहा मिनिटं दुसऱ्याच गप्पा मारा आणि मग त्यांना म्हणायला लावा. चाल विसरली असेल तर चाल कच्ची आहे. चाल आठवते पण शब्द बदलले, तर कोणता शब्द बदलला ते लिहून घ्या. तिघांनी एकच शब्द घातला असेल तर तुमचा खोडून तोच ठेवा, तो तोंडात बसलेला आहे. या परीक्षेत नापास झालेला मुखडा कितीही भारी अरेंजमेंटनं उभा राहत नाही. खोली, माईक, मिक्स, करार, रिलीज हे सगळं त्या दोन ओळी सांभाळण्यासाठीच करायचं असतं.

समजा सिद्धेश्वर यात्रेच्या, म्हणजे आपल्या गड्ड्याच्या दिवसांत वाजावं असं प्रेमगीत करायचंय. पहिल्या झटक्यात वहीत येते ती ओळ साधारण अशी: "तुझ्या आठवणींच्या गर्दीत मी हरवलो गं". गाताना ही १५ अक्षरं होतात. केरवा या तालाच्या ८ मात्रांत ती कोंबली की गाणाऱ्याला श्वासाला जागा नाही आणि ऐकणाऱ्याला उत्तराला जागा नाही. शिवाय ती कुठल्याही गावची आहे. आता ही घ्या: "गड्ड्याला येतीस का, पाळण्यात बसतीस का". गड्-ड्या-ला-ये-तीस-का, सहा. पा-ळ-ण्यात-बस-तीस-का, सहा. ८ पैकी ६ मात्रा भरल्या, २ रिकाम्या राहिल्या. या गाण्याचा खरा हूक, म्हणजे लोकांना पकडून ठेवणारी जागा, त्या २ रिकाम्या मात्राच आहेत, कारण तिथे गर्दी बोलणार आहे.

गर्दीनं काय बोलावं हे सोलापूरच सांगतं. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड, आणि मराठी सगळीकडे. मराठीत "ये", तेलुगूत "रा", कन्नडमध्ये "बा". तिन्ही एकाक्षरी, तिन्ही दीर्घ, तिन्ही लांबून ओरडता येणारे. पहिल्या ओळीनंतर कोरसनं "ये, रा!" म्हणायचं, दुसरीनंतर "ये, बा!". मिरवणुकीतला माणूस कुठल्याही घरचा असो, त्याला आपला एक शब्द सापडतो. मात्र परभाषेतला शब्द घालण्याआधी तो बोलणाऱ्या घरात जाऊन विचारा. तेलुगूतलं "या"चं आदरार्थी रूप मराठी कानाला भलतंच ऐकू येतं, ते चुकूनही कोरसमध्ये टाकू नका. आपल्या "बे"चंही तसंच. मित्रांच्या तोंडी "चल बे" शोभतं, प्रेयसीला उद्देशून म्हटलं की गाण्याचा सूर जातो.

मराठीत आणखी एक गोष्ट फार गाणी बिघडवते, ती म्हणजे समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) लघु अक्षर ताणणं. "बसतीस"मधला "ब" लांबवला की "बाऽसतीस" ऐकू येतं आणि शब्द मरतो. "बस" एका ठोक्यात उरकून "तीस" किंवा "का" लांबवा. चालीत डमी शब्दांवर गुणगुणताना ही चूक कळत नाही, म्हणून खरे शब्द आले की चाल पुन्हा तपासायची आणि गरज पडली तर चाल हलवायची. शाहीर रामजोशींच्या गावात यमकाचं वावडं असायचं कारण नाही, पण यमकासाठी पुस्तकी शब्द ओढून आणला की मुखडा तिथेच अडखळतो.

पट्टी ठरवताना गायकापेक्षा गर्दीचा विचार करा. मुखडा ५-६ स्वरांत ठेवा, पूर्ण गाणं एका सप्तकात. पेटीवरच्या काळ्या पट्ट्यांत सांगायचं तर पुरुषांना साधारण काळी एक ते काळी दोन सोसते, बायकांना काळी चार ते काळी पाच. गायकाचा तार सप्तकातला सूर चांगला लागतो म्हणून मुखडा तिथे नेला, तर ऐकणारे नुसते ऐकत राहतात. तो सूर अंतऱ्याच्या क्रॉस लाइनला, म्हणजे मुखड्याकडे परत नेणाऱ्या शेवटच्या ओळीला वापरा, म्हणजे पुन्हा मुखड्यावर उतरताना गर्दीला आपली जागा आपोआप मिळते.

लय आणि लांबी

लय कॉम्प्युटरवर अंदाजानं ठरवू नका. लेझीमचा सराव चालू असेल तिथे उभं राहून १५ सेकंदांत किती पावलं पडतात ते मोजा आणि चारनं गुणा, तीच तुमची बीपीएम, म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके. इथे १०० धरू. दर पावलाला केरव्याच्या दोन मात्रा धरल्या की त्या लयीत एक आवर्तन, म्हणजे ८ मात्रांचा एक पूर्ण फेरा, २.४ सेकंदांचं होतं, आणि त्यावरून सगळा आराखडा कागदावर मांडता येतो. सुरुवातीचा पीस (नुसती वाद्यं) ४ आवर्तनं, मुखडा १६, मधला पीस ४, अंतरा १२, मुखडा ८, पीस ४, दुसरा अंतरा १२, शेवटचा मुखडा १६. एकूण ७६ आवर्तनं, म्हणजे ३ मिनिटं २ सेकंद. पहिला शब्द ९.६ व्या सेकंदाला येतो. याहून उशीर केला तर फोनवर बोट सरकतं. पावसाचा आवाज, बासरी, गायकाचा आलाप असं ३० सेकंद चालणारं प्रास्ताविक व्हिडिओसाठी वेगळं करा, गाण्याच्या फाइलमध्ये नको.

रीलसाठी लागणारा तुकडा आत्ताच ठरवायचा. ८ आवर्तनं म्हणजे १९.२ सेकंद. त्यात हूक एकदा पूर्ण आणि एकदा उत्तरासह यायला हवा, आणि तुकड्याची सुरुवात शब्दावर व्हावी. मागच्या ओळीचं शेपूट त्यात आलं तर नाचणाऱ्याला पहिलं पाऊल कुठे टाकायचं ते कळत नाही.

खोली: चादरी कुठे टांगायच्या

घरची १० बाय १२ फुटांची खोली डबिंगला, म्हणजे आवाज रेकॉर्ड करायला पुरते, आणि तिला लागणारं मुख्य सामान आपल्याच गावात विणलं जातं. जाड सोलापुरी चादर आवाजातला वरचा झणझणाट चांगला शोषते, पण भिंतीला चिकटवून खिळे ठोकले तर निम्मा उपयोग वाया जातो. दोरी बांधून भिंतीपासून १० सेंटिमीटर पुढे टांगा. १००० हर्ट्झच्या आवाजाची लहर ३४ सेंटिमीटरची असते, आणि कापड तिच्या पाव अंतरावर, म्हणजे साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास असलं की सगळ्यात जास्त काम करतं. चादर ताणू नका, चुण्या पडू द्या. दुहेरी घडी केली तर आणखी चांगलं.

बहुतेक जण चादरी गायकाच्या समोर, माईकच्या मागे लावतात. हीच चूक. कार्डिऑइड माईक समोरून ऐकतो, म्हणजे त्याला गायक आणि गायकाच्या पाठीमागची भिंत ऐकू येते. पहिल्या दोन चादरी गायकाच्या पाठीशी, तिसरी आणि चौथी दोन्ही बाजूंना, पाचवी डोक्यावर आडवी. खाली सतरंजी. मग टाळी वाजवून बघा: टणत्कार गेला आणि आवाज कोरडा झाला की झालं.

चादर घुमारा मात्र शोषत नाही. १०० हर्ट्झची लहर जवळपास साडेतीन मीटरची असते, तिला कापड अडवू शकत नाही. म्हणून गायकाला खोलीच्या बरोबर मध्यावर किंवा कोपऱ्यात उभं करू नका. मध्यापासून दोन-अडीच फूट सरका आणि नंतर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग आवाजातून कापून टाका.

शेजारी यंत्रमाग असेल तर त्याची खटखट हवेतून येते त्याहून जास्त फरशीतून येते. माईकच्या स्टँडखाली टेरी टॉवेलच्या चार-पाच घड्या घाला, फरक लगेच ऐकू येतो. तरी माग बंद असतानाच डबिंग ठेवणं उत्तम. उन्हाळ्यात पत्र्याचं छत तापताना आणि निवताना टकटक वाजतं, पंखा तर बंदच ठेवावा लागतो. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पहाटे ५ ते ८ ही वेळ धरा, २० मिनिटं गाणं आणि १० मिनिटं दार उघडं असा क्रम ठेवा. घामेजलेला गायक चौथ्या टेकला सुरातून उतरतो, मग ट्यूनिंगच्या सॉफ्टवेअरवर सगळा भार पडतो.

डबिंग आणि हलगी

फाइल २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. कंडेन्सर माईकला ४८ व्होल्टचा फँटम (केबलमधूनच माईकला मिळणारी वीज) चालू हवा. तोंड ते माईक १५ ते २० सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर. सगळ्यात जोरात गायलेली ओळ उणे १० डीबीच्या आसपास थांबेल असा गेन लावा. लाल दिवा एकदा जरी लागला तरी तो टेक गेला, तो नंतर दुरुस्त होत नाही. डबिंग करताना सॉफ्टवेअरमधला बफर (कॉम्प्युटर एका वेळी किती आवाज साठवून पुढे पाठवतो तो आकडा) १२८ वर आणा, नाहीतर हेडफोनमध्ये आवाज उशिरा येतो आणि गायक मागे रेंगाळतो. मिक्सला बसल्यावर तोच बफर १०२४ करा.

मुखडा किमान ६ वेळा पूर्ण गाऊन घ्या, ओळ-ओळ पंच करत बसू नका. पूर्ण गायलेल्या टेकमध्ये ओळींमधला श्वास खरा असतो. चांगल्या ओळी निवडून एक मुख्य आवाज जोडा, त्यातल्याच दुसऱ्या दोन टेक हूकखाली डावीकडे-उजवीकडे हलक्या ठेवा. "ये, रा!"साठी चार माणसं पुरतात: चौघांना माईकपासून पाच-सहा फूट लांब उभं करा, चार वेळा घ्या, दर वेळी जागा बदलायला लावा. सोळा जणांचा आवाज मिळतो. त्यात एक-दोन पोरं आणि एखादी बाई असू द्या, एकाच वयाच्या चार पुरुषांचा कोरस कवायतीसारखा वाजतो. ट्यूनिंगचा वेग फार वाढवू नका, "येतीस"मधली मींड आणि शेवटचा हेल पहिल्या फटक्यात सपाट होतो.

हलगी सॅम्पलची लावू नका, वाजवणाराच आणा. या जिल्ह्यात ते अवघड नाही. कातडं शेकून चढवलेलं असतं आणि १५-२० मिनिटांत उतरायला लागतं, विशेषतः पावसाळी हवेत. मग पहिल्या अंतऱ्यातली हलगी आणि शेवटच्या मुखड्यातली हलगी दोन वेगळी वाद्यं वाटतात. दर दोन टेकनंतर शेकायला वेळ द्या, आणि प्रत्येक टेकच्या सुरुवातीला मोकळे चार ठोके घेऊन पहिल्याशी ताडून बघा. माईक ६० ते ८० सेंटिमीटर लांब, थोडा तिरका, शक्यतो डायनॅमिक. जाड टिपरूचा ठोका आणि बारीक काडीची कडकड दोन्ही यायला हव्यात. माईक जवळ नेला की नुसती काडी येते. वादकाला टकटक क्लिकवर वाजवायला लावलं तर बहुतेक वेळा हात आखडतो. क्लिकऐवजी हेडफोनमध्ये लेझीमचा लूप द्या, त्याच लयीत तो मोकळा वाजवेल.

मिक्समध्ये लेझीम आणि आवाज एकमेकांना खातात. लेझीमची खुळखुळ आणि गायकाचा "स", "श" एकाच पट्ट्यात, ५ ते १० हजार हर्ट्झमध्ये बसतात. ओळ चालू असताना लेझीम ३-४ डीबी खाली आणि रिकाम्या दोन मात्रांत पुन्हा वर, असं हातानं ऑटोमेशन करा. त्यामुळे उत्तर आणखी उठतं. बासचं दुखणं वेगळं. ५० हर्ट्झचा बास डीजेच्या बेसवर छातीत बसतो, फोनच्या स्पीकरवर मात्र शून्य. बासवर थोडं सॅच्युरेशन (आवाजाला हलकी खरखर देणारा इफेक्ट) देऊन २०० हर्ट्झच्या वर त्याची सावली तयार करा, फोनवर कान तीच ऐकतो. शेवटी सगळं मोनो करून ऐका. मिरवणुकीतला गाडा, रिक्षा आणि कार्यालयातले भोंगे बऱ्याचदा मोनोच असतात. मोनो केल्यावर कोरस गायब झाला तर तो कृत्रिमरीत्या फार रुंद केला आहे.

मास्टर दोन करा. स्ट्रीमिंगसाठी उणे १४ लफ्सच्या (गाणं एकूण किती मोठं वाजतं त्याचं माप) आसपास, शिखर उणे १ डीबीच्या वर नाही. स्पॉटिफाय डीफॉल्ट सेटिंगला आवाज याच पातळीवर आणतं आणि यूट्यूबही जास्त मोठी फाइल खाली ओढतं, त्यामुळे ठोकून मोठं केलेलं गाणं तिथे मोठं वाजत नाही, फक्त चेपलेलं वाजतं. डीजेसाठी दुसरा मास्टर, उणे ९ पर्यंत, पुढे-मागे १६ आवर्तनं नुसत्या ठेक्याची. फाइलच्या नावातच बीपीएम आणि पट्टी लिहा. जोडीला कराओके, फक्त आवाज आणि १९ सेकंदांचा तुकडा अशा फाइल त्याच दिवशी काढून ठेवा. सहा महिन्यांनी प्रोजेक्ट उघडत नाही.

कागद

डबिंगच्या आधी एका पानावर लिहा: शब्द कोणाचे, चाल कोणाची, गायक कोण, रेकॉर्डिंगचा मालक कोण, कोणाचा किती टक्के. सह्या, तारीख. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार हक्क देणं लेखी आणि सहीचंच लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कंपनीच्या छापील करारात "कायमस्वरूपी" आणि "संपूर्ण विश्व" हे शब्द असतात, ते वाचून मगच सही करा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येत नाही. वारस किंवा कॉपीराइट सोसायटी एवढाच त्याला अपवाद. एकरकमी घेऊन सही केली तरी तो हक्क राहतो. हे माहीत नसल्यामुळे आपल्याकडचे कितीतरी लिहिणारे हात रिकामे राहिले, आणि ते वाईट वाटण्यासारखंच आहे.

शब्द आणि चालीची रॉयल्टी गोळा करण्याचं काम आयपीआरएस ही कॉपीराइट सोसायटी करते, १९६९ पासून. सभासद व्हा आणि प्रत्येक गाणं वेगळं नोंदवा, सभासद होऊन गाणं न नोंदवणं ही नेहमीची चूक. कॉपीराइट कार्यालयात शब्द किंवा चालीच्या नोंदणीची फी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणाची २०००.

लोकगीताचा जुना मुखडा कोणाचाच नसतो, पण त्याचं एखाद्या कंपनीनं काढलेलं रेकॉर्डिंग तिचंच असतं. तुकडा कापून लावलात की रेकॉर्डिंग आपोआप ओळखणारा यूट्यूबचा कंटेंट आयडी पकडतो. विकत घेतलेल्या लूपवरही दावा येतो, कारण तोच लूप दुसऱ्या कोणी आपल्या गाण्यात वापरून नोंदवलेला असतो. लूप कापून, उलटसुलट करून, वर हलगी घालून वापरा, नुसता जसाच्या तसा कधी नको.

कधी आणि कोणाकडे

गड्डा संक्रांतीला, पण गाणं जानेवारीत काढलं तर उशीर झालेला असतो. शाळा-कॉलेजांचं गॅदरिंग डिसेंबर-जानेवारीत असतं आणि नाच बसवणारे गाणी नोव्हेंबरात निवडतात. गॅदरिंगला बसलेलं गाणं घरोघरी महिनाभर सरावानं वाजतं, तेवढी जाहिरात पैसे देऊन मिळत नाही. म्हणून मागे मोजत या: नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रिलीज, ऑक्टोबरच्या मध्यावर डिस्ट्रिब्युटरकडे (गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणारी कंपनी) अपलोड, सप्टेंबरात डबिंग आणि मिक्स, मुखडा ऑगस्टमध्ये पक्का. गॅदरिंगसाठी शब्द स्वच्छ हवेत. एखादी चावट ओळ ठेवायचीच असेल तर ती नसलेली दुसरी फाइल तयार ठेवा.

अपलोडला लागतं ते असं: वाव्ह फाइल, ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौकोनी चित्र, सगळ्यांची नावं आणि आयएसआरसी, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगची ओळख सांगणारा अक्षरं-आकड्यांचा १२ खुणांचा कोड. तो बहुतेक डिस्ट्रिब्युटर देतात. भाषा "मराठी"च निवडा. गायकाच्या नावाचं स्पेलिंग दर वेळी तेच ठेवा, एका अक्षराच्या फरकानं नवं प्रोफाइल तयार होतं आणि ऐकणारे विभागले जातात. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं तर ते किमान ७ दिवस आधी लागतं. तिथे ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम धरतात, आणि २०२४ पासून १२ महिन्यांत १००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला रॉयल्टी मिळत नाही. यूट्यूबवर स्वतःच्या चॅनेलला जाहिरातीचे पैसे हवेत तर १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४००० तास, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज लागतात.

गावात मात्र गाणं माणसांच्या हातून फिरतं. बेंजो पार्टीला कराओके आणि सरगम लिहून द्या, ते स्वतः मुखडा बसवतात. डीजेवाल्यांना डीजेची फाइल पेन ड्राइव्हवर हातात द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून पाठवलेली चेपून पोचू शकते. नाचाच्या क्लासला १९ सेकंदांचा तुकडा आणि पूर्ण गाणं दोन्ही. व्ह्यूज विकत घेऊ नका. यूट्यूब ते काढून टाकतं, आणि तोवर तुमच्या आकड्यांत पाच सेकंदांत पळणारे प्रेक्षक भरलेले असतात, त्यामुळे गाणं खऱ्या माणसांना सुचवलं जाणं कमी होतं.

पहिल्या आठवड्यात व्ह्यूजपेक्षा दोन गोष्टी पाहा. यूट्यूब स्टुडिओच्या आलेखात पहिल्या १५ सेकंदांत किती जण गळतात, आणि तुमच्या तुकड्यावर किती लोकांनी स्वतःचे रील केले. गळती जास्त आणि रील बरे, तर मुखडा चांगला आहे पण सुरुवात लांबली आहे. २ आवर्तनांच्या पीसची फाइल करून ती डीजेंना आणि रीलला द्या. गळती कमी आणि रील नाहीत, तर लोकांना ऐकायला आवडतंय पण करायला काही सापडत नाही. तेव्हा नाच बसवणाऱ्या एकाला गाठून उत्तराच्या दोन मात्रांवर हाताची एकच सोपी खूण बसवून घ्या आणि तीच सगळीकडे दाखवा.

होम मैदानावर किंवा मिरवणुकीत गाणं वाजेल तेव्हा फोन घेऊन गाड्यापासून ५० फूट लांब उभे राहा आणि फक्त त्या दोन रिकाम्या मात्रा रेकॉर्ड करा. लोक "ये, रा!"च म्हणतील असं नाही. एखाद्या पेठेत दुसरंच काही सुरू झालेलं असतं, आणि दोन दिवसांत ते दुसऱ्या पेठेत पोचतं. तसं झालं तर कोरसच्या चौघांना परत बोलवा, ते नवं उत्तर त्याच चादरींच्या खोलीत घ्या आणि दुसरी आवृत्ती म्हणून सोडा. त्या फाइलला नवा आयएसआरसी लागतो, जुना चालत नाही.